कोकणातील दोन विषे आणि चेतासंस्थेचे शास्त्र

चेतासंस्थेचे रोग हा वैद्यकीय अभ्यासक्रमातील सर्वाधिक धास्ती घालणारा भाग मानला जातो, आणि या धास्तीचे मूळ रोगांच्या संख्येपेक्षा ते याद्यांच्या रूपाने पाठ करण्याच्या सवयीत अधिक आहे. अन्य शाखांत रुग्णाची तक्रार ऐकल्यावर वैद्य ‘हे काय आहे’ असे प्रथम विचारतो. चेताविकारांच्या बाबतीत मात्र ‘हे कुठे आहे’ हा प्रश्न आधी येतो. मेंदू, मेरुरज्जू, त्यातून निघणारी चेतामुळे, हातापायांत पसरलेल्या चेता, चेता स्नायूला भेटते तो सांधा आणि शेवटी स्वतः स्नायू, यांपैकी बिघाड नेमका कोणत्या ठिकाणी आहे हे एकदा ठरले की शे-दोनशे नावांची यादी तीन-चार नावांवर येते. ही स्थाननिश्चिती शिकण्यासाठी कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्र हे महानगरातील अद्ययावत रुग्णालयाहून कमी प्रतीची शाळा नाही, कारण तेथे येणारे मण्यारदंशाचे आणि विंचूदंशाचे रुग्ण चेतासंस्थेच्या दोन अगदी वेगळ्या जागा उघड करून दाखवतात. पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही दंश ‘विषबाधा’ या प्रकरणात ढकललेले असतात आणि चेताविकारांच्या प्रकरणात त्यांचा उल्लेख निसटता येतो; ही विभागणी सोयीची असली तरी शास्त्राच्या दृष्टीने ती फारशी समर्थनीय नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुड हे समुद्रकाठचे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांना घातलेले जांभ्या दगडाचे गडगे, परसातले लाकूडफाट्याचे ढीग, भात झोडपल्यावर रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या आणि उकाड्याच्या रात्री पडवीत जमिनीवर टाकलेली अंथरुणे हे या किनारपट्टीवरील घरांचे नेहमीचे चित्र आहे, आणि नेमके हेच विंचवाला व मण्यारीला मानवणारे ठिकाणही आहे. जांभ्याच्या भेगा व लाकडांच्या साली विंचवाला लपायला पुरतात. पेंढ्यात व अडगळीत उंदीर येतात, उंदरांमागे व लहान सापांमागे साप येतात, आणि रात्री हिंडणारी मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत पोहोचते. रत्नागिरी जिल्ह्याची जुनी ख्याती खरे तर फुरशांसाठी आहे, आणि एकोणिसाव्या शतकात फुरसे मारून आणणाऱ्यास सरकार येथे बक्षीस देत असे. परंतु फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवणारे असल्याने ते प्रस्तुत विषयाच्या बाहेर राहते.

विषांचे कार्य समजण्यासाठी आधी निरोगी चेतेचे कार्य समजणे आवश्यक आहे. मेंदूकडून निघालेला आदेश चेतातंतूतून विद्युत्-लहरीच्या रूपाने धावतो. ही लहर म्हणजे तंतूच्या आवरणावरील सूक्ष्म दारे क्रमाक्रमाने उघडून सोडियमचे भारित कण आत शिरणे आणि लगेच ती दारे मिटून पोटॅशियमचे कण बाहेर पडणे, एवढाच व्यवहार असतो. तंतूच्या टोकाशी मात्र वीज थांबते, कारण चेता आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. दाभोळला जसा रस्ता खाडीशी संपतो आणि पलीकडच्या धोपाव्याला जाण्यासाठी फेरीबोट घ्यावी लागते, तसा आदेश या फटीशी येऊन एका रसायनाच्या स्वाधीन होतो, ज्याचे नाव ॲसिटिलकोलिन असे आहे. चेतेच्या टोकात या रसायनाच्या असंख्य इवल्या पिशव्या तयार असतात. लहर पोहोचताच कॅल्शियम आत शिरते, पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडते आणि स्नायूवरील ‘ग्राही’ नावाच्या धक्क्यांना लागते, त्याबरोबर स्नायू आकुंचन पावतो. पुढच्या आदेशासाठी धक्का मोकळा व्हावा म्हणून कोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, त्या रसायनाचे क्षणार्धात तुकडे करते. चेतेचा संदेश रसायनाच्या द्वारे पोहोचतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवरील प्रयोगाने दाखवले आणि त्याबद्दल त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चेताविकारांचा बराच मोठा भाग या एका फटीच्या अलीकडे-पलीकडे घडतो, आणि विद्यार्थ्याने हा मार्ग एकदा नीट डोळ्यांसमोर आणला तर पुढील पुष्कळसे पाठांतर अनावश्यक ठरते.

मण्यारीचे विष या फटीच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे चेतेच्या टोकावर, घाव घालते. त्यातील मुख्य द्रव्य ॲसिटिलकोलिनच्या पिशव्यांचा साठा संपवते आणि टोकाचीच मोडतोड करते. उपमाच पुढे न्यायची तर ते बोटी जाळते आणि अलीकडचा धक्काही उखडून टाकते. नागाच्या विषातील चेतावर परिणाम करणारी द्रव्ये पलीकडच्या काठावर काम करतात, म्हणजे स्नायूवरील ग्राही अडवून बसतात. बोटी शाबूत असतात, पण लागायला जागा नसते. बाहेरून पाहता दोन्हींत स्नायू लुळे पडतात, परंतु उपचारांच्या दृष्टीने हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. निओस्टिग्मिन हे औषध कोलिनएस्टरेजला रोखून फटीतील ॲसिटिलकोलिनचे प्रमाण वाढवते, त्यामुळे ग्राहींवरील जागेसाठी त्याची विषाशी स्पर्धा होऊ शकते आणि नागदंशात झुकलेली पापणी पुन्हा उचलली जाऊ शकते. मण्यारदंशात मात्र साठाच संपलेला असल्याने या औषधाचा उपयोग बहुधा होत नाही. निओस्टिग्मिनमुळे हृदयाची गती मंदावते व लाळ आणि श्वासनलिकेतील स्राव वाढतात, म्हणून त्याच्या जोडीने ॲट्रोपिन दिले जाते; परीक्षेत हमखास विचारला जाणारा हा मुद्दा वरील मार्ग समजला असेल तर पाठ करावा लागत नाही.

मण्यारदंशाचे निदान चुकण्याचे कारण तिच्या दंशाच्या स्वरूपात आहे. नाग चावला की जागा सुजते, दुखते, आणि बहुतेकदा साप दिसलेलाही असतो. मण्यारीचे दात बारीक, दंश जवळजवळ वेदनारहित आणि वेळ मध्यरात्रीनंतरची, त्यामुळे झोपलेल्या माणसाला पुष्कळदा जागही येत नाही आणि सकाळी शोधूनही खूण सापडत नाही. पहाटे त्याच्या पोटात कळा येतात, उलटी होते, घसा दुखतो, आणि घरचे लोक रात्रीच्या जेवणाला दोष देतात. त्यानंतर पापण्या जड होतात, एकाची दोन चित्रे दिसू लागतात, आवाज नाकातून येतो, घास व लाळ गिळता येत नाही, मान सावरत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू व श्वासपटल थकते. हा पक्षाघात वरून खाली उतरणारा असतो, त्यात संवेदना शाबूत राहते आणि शुद्धही शाबूत असते, हे तिन्ही मुद्दे एकत्र घेतल्यास बिघाडाची जागा मेंदू किंवा मेरुरज्जू नसून चेता-स्नायू सांधा आहे, हे रुग्णाच्या खाटेशेजारीच ठरवता येते.

शुद्धीचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे. पूर्ण लुळ्या पडलेल्या मण्यारदंशाच्या रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या व प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या असू शकतात, हातपाय हलत नाहीत, प्रतिक्षेप मिळत नाहीत, आणि घाईत तपासणाऱ्याला मेंदू मृत झाल्याचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात तो रुग्ण आपल्या खाटेभोवती चाललेले बोलणे ऐकत असतो. मोडलेली चेताटोके शरीर नव्याने उभारते, त्यासाठी काही दिवस, प्रसंगी काही आठवडे लागतात, आणि तेवढा काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर रुग्ण बरा होऊन घरी जातो. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधून टाकते, पण झालेली मोडतोड उलटवू शकत नाही. म्हणूनच मण्यारदंशात प्रतिविष लवकर देण्याला महत्त्व आहे आणि श्वास चालू ठेवण्याला त्याहूनही अधिक. श्वासयंत्र मिळेपर्यंत हाताने दाबायच्या रबरी पिशवीवर, ज्याला रुग्णालयात अंबू बॅग म्हणतात, रुग्णाला तगवता येते.

मण्यारीच्या विषाने चेताशास्त्रावर जे उपकार केले आहेत त्यांची नोंद सर्पदंशावरील लेखनात क्वचितच आढळते. तैवानमध्ये आढळणाऱ्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून चँग आणि ली या संशोधकांनी १९६३ मध्ये बंगॅरोटॉक्सिन ही द्रव्ये वेगळी केली. त्यांपैकी अल्फा हे द्रव्य स्नायूवरील ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला इतके घट्ट चिकटते की त्याला किरणोत्सारी खूण लावल्यास ग्राही अक्षरशः मोजता येतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या रोगात रुग्णाच्या पापण्या संध्याकाळी झुकतात, चावताना जबडा थकतो, विश्रांतीनंतर पुन्हा बरे वाटते; या रुग्णांच्या स्नायूंवर ग्राहींची संख्या घटलेली असते हे १९७३ मध्ये याच द्रव्याच्या साह्याने दाखवले गेले, आणि त्याच वर्षी पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी सशांना शुद्ध केलेल्या ग्राहीची लस टोचून त्यांच्यात तसाच रोग निर्माण केला. शरीराने स्वतःच्याच ग्राहींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे हे या रोगाचे कारण असल्याचे त्यातून स्पष्ट होत गेले. नागदंश आणि मायस्थेनिया यांची लक्षणे एकसारखी का, आणि दोन्हींत निओस्टिग्मिनच्या गटातील औषधे का चालतात, या प्रश्नांचे उत्तर एकच आहे: दोन्हींत अडचण पलीकडच्या काठावर आहे.

याच्या उलट दिशेने जाणारा पक्षाघात महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता व लगतच्या भागांत गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पुढील काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या संसर्गाशी त्याचा संबंध जोडला गेला. गुलियन, बारे आणि स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून चेतांच्या आवरणावर किंवा तंतूंवर हल्ला करतात, त्यामुळे अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होऊन वर चढतो, मुंग्या येतात, गुडघ्याचा प्रतिक्षेप लवकर नाहीसा होतो, आणि मेरुद्रवात पेशी न वाढता प्रथिने तेवढी वाढतात. चढता पक्षाघात चेतांचा आणि उतरता पक्षाघात सांध्याचा, हा ढोबळ नियम अपवादांसह लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन्हींत जीव जातो तो मात्र श्वासाच्याच वाटेने. रुग्णाला एका श्वासात किती आकडे मोजता येतात हे दर काही वेळाने पाहणे ही विनाखर्चाची तपासणी दोन्हीकडे तितकीच उपयोगी आहे.

शेतीतील फॉस्फरसयुक्त कीटकनाशके याच फटीत तिसरा प्रकार घडवतात. ती कोलिनएस्टरेजला निकामी करतात, ॲसिटिलकोलिन साचत जाते, आणि लाळ, घाम, अश्रू, आकसलेल्या बाहुल्या, मंद नाडी व स्नायूंची फडफड असे चित्र दिसते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, त्या घटनेने कीटकनाशकांचा हा धोका राज्यभर चर्चेत आणला.

विंचवाचे विष या फटीकडे येण्यापूर्वीच, प्रत्यक्ष तंतूवर, काम करते. कोकणात ‘इंगळी’ म्हणून ओळखला जाणारा मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असला तरी त्याचा दंश सहसा प्राणघातक नसतो. खरा घातक तो आकाराने लहान, तांबूस रंगाचा लाल विंचू. त्याच्या विषाने सोडियमची दारे वेळेवर मिटत नाहीत आणि पोटॅशियमची दारे अडवली जातात, त्यामुळे चेता थांबण्याऐवजी पुन्हा पुन्हा पेटत राहते. या गोंधळाचा सर्वाधिक फटका स्वायत्त चेतासंस्थेला, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि आतडी यांचा कारभार माणसाच्या इच्छेवाचून चालवणाऱ्या भागाला, बसतो. आरंभी उलट्या, भरपूर घाम, लाळ व पुरुषांत शिश्नताठरता ही लक्षणे दिसतात. त्यानंतर संकटकाळी शरीर सज्ज करणारा अनुकंपी भाग अनावर होतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस येतो. येथे सामान्य समजुतीला छेद देणारी एक गोष्ट आहे. दंशाच्या जागी असह्य वेदना असणाऱ्या, पण घाम किंवा उलटी नसणाऱ्या रुग्णाची काळजी तुलनेने कमी असते. ज्याला वेदना बेताची आहे, पण अंग घामाने निथळते आहे व तळपाय गार आहेत, तो रुग्ण धोक्यात असतो.

हे ज्ञान ज्या जागी घडले ती जागा मुरुडच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातून आलेले तरुण डॉक्टर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाचे गंभीर रुग्ण फुप्फुसांत पाणी भरून दगावत आणि त्यावर निश्चित उपाय ठाऊक नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदवला, आणि धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या चिन्हांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषाचा मारा अखेरीस रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा ग्राहींवर येतो, तेव्हा हे ग्राही अडवणारे, उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध येथे उपयोगी पडावे, असा त्यांचा तर्क होता. त्याचे निष्कर्ष डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत असत, ते प्रमाण वेळेवर प्राझोसिन मिळालेल्या रुग्णांत एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे महाड येथेच सत्तर रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिलेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन दिलेल्यांत हे प्रमाण २२.९ टक्के होते. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र प्रयोगशाळा, निधी व सहायक यांच्यावाचून केवळ निरीक्षण आणि शरीरक्रियाशास्त्राचे पक्के आकलन यांच्या बळावर तालुक्याच्या गावात जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, याचे हे उदाहरण वैद्यकीय शिक्षणात जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही.

सर्पदंशावरील प्रतिविष घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून तयार करतात, आणि महाराष्ट्रात हे काम परळच्या हाफकिनच्या नावाशी जोडलेले आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही, आणि साप मारून रुग्णालयात आणण्याचा धोका पत्करण्याचे काहीच कारण उरत नाही. लहान मुलालाही प्रतिविषाची मात्रा प्रौढाइतकीच द्यावी लागते, कारण सापाने सोडलेले विष चावलेल्याच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त होत नाही. हर्णै बंदरात उतरणाऱ्या जाळ्यांतून कधी कधी समुद्रसापही येतात. त्यांच्या विषाने अंग ठणकते, स्नायू विरघळू लागतात आणि लघवी गडद होते, पण भारतीय प्रतिविषात त्यावर उतारा नाही, म्हणून जाळे सोडवणाऱ्याची सावधगिरी हाच तेथे खरा उपाय आहे. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंश प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या धोंडो केशवांच्या काळाच्या तुलनेत आज रस्ते आणि वाहने आहेत, तरीही मण्यारदंशाच्या रुग्णाला श्वासयंत्रापर्यंत नेणारे तास अजून मोजकेच असतात आणि त्यांतले बरेचसे मांत्रिकाच्या दारात खर्च होतात. दंशाच्या जागेच्या वर दोरी आवळणे, ब्लेडने चिरा देणे किंवा विष चोखणे यांनी अपाय होतो. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे स्थिर ठेवणे, रुग्णाला चालू न देणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे एवढेच घरच्यांनी करावयाचे असते. झोपण्यासाठी खाट आणि गादीखाली नीट खोवलेली मच्छरदाणी यांनी मण्यारदंशाचा संभव पुष्कळ कमी होतो. आणि पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे पोटदुखी व उलटीची तक्रार घेऊन रुग्ण आला, तर तपासणाऱ्याने तो रात्री कुठे झोपला होता हे आधी विचारावे, मग त्याला वर पाहायला सांगावे आणि त्याच्या पापण्या पूर्ण उचलल्या जातात की नाही ते पाहावे.